माझे केस गळत होते आणि मी तेल विकत होते

“केसच तर आहेत, येतील परत,” असं कुणी म्हणालं की अजूनही माझं डोकं भणाणतं. असं म्हणणाऱ्या सगळ्या बायांच्या पाठीवर जाड वेण्या असतात, हे मी बघून ठेवलंय. ज्यांचे जातात त्या असं बोलत नाहीत. त्या सकाळी उठल्यावर आधी उशी झटकतात, घरातल्या कुणी बघायच्या आत.

मी हे कुणाला धीर द्यायला लिहीत नाही. धीर देणाऱ्यांनी मला फार छळलं. मी लिहितेय कारण चार वर्षं मी स्वतः केसांचं तेल विकलं, त्यातलं शेवटचं वर्ष माझे स्वतःचे केस मुठीमुठीनं जात असताना विकलं. त्याचा हिशोब कुणी मागायच्या आत आपणच सांगितलेला बरा.

माझं नाव मंगल. वय त्रेचाळीस. राहायला वरवंडला, माहेर भांडगावचं. बारावीपर्यंत शिकलेय. दोन एकर ऊस आहे, दोन म्हशी आहेत, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. माझी मोठी जाऊ शोभाताई आणि आम्ही एकाच अंगणात राहतो, चुली वेगळ्या.

फोटो

आमचा दहा जणींचा बचत गट. शोभाताई अध्यक्ष. पापड करून झाले, चटण्या करून झाल्या, कशाला उठाव नव्हता. मग तेलाची कल्पना शोभाताईंनीच काढली. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, मेथ्या, सगळं खोबरेल तेलात घालून लोखंडी कढईत मंद आचेवर आटवायचं. तेल चांगलं होतं. वासही छान यायचा. तेलात खोटं काही नव्हतं. खोटं होतं ते बाटलीवर.

बाटलीवर माझा पाठमोरा फोटो होता. हिरवी साडी आणि कमरेखाली गेलेली वेणी. त्याखाली लिहिलेलं, ‘केस गळती पंधरा दिवसांत बंद.’ हे वाक्य कुणाचं, यावरून पुढं आमच्यात खूप भांडणं झाली, म्हणून सांगून टाकते. माझं. छापखानेवाल्यानं विचारलं, खाली काय टाकू? मी क्षणभरही विचार न करता हे बोलले, आणि शोभाताईंनी मान डोलावली.

माझ्या आईचे केस तसेच होते, आईच्या आईचे तसेच. तेल निघायच्या आधी वीस वर्षं माझी वेणी कमरेखालीच होती. पण बाजारात बायका आल्या की मी नुसती पाठ करून उभी राहायची. मला काही बोलावंच लागायचं नाही.

मोरी तुंबली

तिसरं वर्ष संपताना न्हाणीघराची मोरी तुंबली. आमच्या ह्यांनी तार घालून काढलं तर केसांचा हा एवढा गोळा. “कुणाचं गं हे एवढं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “सगळ्यांचेच.” घरात आम्ही दोघंच होतो, आणि ह्यांच्या डोक्यावर तर मोजून राहिलेत.

त्यानंतर मी कंगव्यातले केस बोटाला गुंडाळून चुलीत टाकायला लागले. भांग रुंद व्हायला लागला. आधी दोन बोटं, मग तीन. मी काय केलं? जास्त तेल लावलं. आपलंच तेल, रोज, चोळून चोळून. पंधरा दिवस म्हणता म्हणता चार महिने गेले. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही, कारण पडू दिला नाही.

दौंडच्या बाजारपेठेत जाऊन मी खोट्या केसांचं गंगावन आणलं. घरात कुणाला सांगितलं नाही. राहिलेल्या केसांची घट्ट गाठ मारायची, त्यात गंगावन गुंफायचं, वरून पदर. घट्ट बांधून बांधून कपाळाजवळचे होते नव्हते तेही तुटायला लागले. आणि असं डोकं घेऊन मी बाजारात पाठ करून उभी राहत होते.

अंग आणखीही काही सांगत होतं. घागर उचलली की छातीत धडधडायचं. नखं चमच्यासारखी खोलगट झाली होती. तांदूळ निवडताना मी मूठभर कच्चे तांदूळ चावून खायची, का ते मला कळत नव्हतं, पण थांबवत नव्हतं. आणि पाळी. दर महिन्याला दहा-बारा दिवस, चादरी धुवून धुवून हात दुखायचे. एकदा शोभाताईंना बोलले. त्या म्हणाल्या, “बाईच्या जन्माला आलीस ना? मग? सगळ्यांचं असंच असतंय. चाळिशीत बंद हुतंय, कळ काढ.”

मी कळ काढली. याचा मला आजही राग आहे. त्यांच्यावर, आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझ्यावर.

भर बाजारात

आठवडे बाजाराचा दिवस होता, उन्हाळा. मी बाटल्या मांडत होते. एक बाई म्हणाली, “मावशी, वेणी दावा की.” मी उठून पाठ केली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी बाटल्यांवर आडवी पडले. तेल सगळं मातीत. कुणीतरी उचलायला गेलं तर पदर सुटला, आणि वेणी हातात आली. गंगावन मुळापासून निघून त्या माणसाच्या हातात, आणि खाली माझं खरं डोकं, कपाळापासून टाळूपर्यंत कातडी दिसणारं.

कुणी पाणी मारलं. कुणी हसलं. आणि कुणीतरी मोबाइल धरला.

तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला. त्यात एका बाईचा आवाज आहे, “आगं, ही तर तेलवाली! हिच्याच डोक्यावर न्हाईत!” आणि मग हशा. तो आवाज मी ओळखते. ती बाई दर महिन्याला तेल न्यायची. तिला मी कधी काही बोलले नाही, पण रस्त्यात दिसली तर आजही मी बाजूला होत नाही. तिलाच व्हावं लागतं.

पाच

शुद्धीवर आले ती दौंडला दवाखान्यात. डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, रक्त काढायला लावलं. संध्याकाळी कागद घेऊन आल्या.

“ताई, हिमोग्लोबिन पाच आहे. बारा लागतं. तुम्ही चालत कशा होतात?”

“चालत नव्हते. तेल विकत होते,” मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही.

सोनोग्राफीत गर्भपिशवीला गाठ निघाली. मोठी नव्हती, पण रक्त तीच घालवत होती. बाईंनी पाळीचं सगळं विचारलं. किती वर्षं? मी म्हटलं, तीन. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मला त्यांचा रागच आला. मग त्यांनी विचारलं, “केस कधीपासून जातायत?”

“वर्ष झालं.”

“दाखवलं नाही कुणाला?”

“तेल लावत होते.”

“तेलानं केस मऊ राहतो, तुटत नाही. तेवढंच त्याचं काम. मूळ जगतं ते रक्तावर. तुमच्या अंगातच रक्त नाही, लोह तर जवळजवळ नाहीच. जे आहे ते शरीर आधी हृदयाला देणार, मेंदूला देणार. केसाला सगळ्यात शेवटी. तुम्हाला केस वर्षभर सांगत होते की आत काहीतरी बिघडलंय.”

माझ्या शेजारी आमचे हे उभे होते. ते म्हणाले, “म्हंजी तेलाचा काय उपेग न्हाई?”

“लावायचं तर लावा की,” बाई म्हणाल्या. “पण आजार तेलानं बरा होत नाही.”

चार वर्षं मी बाजारात जे म्हणत आले त्याच्या बरोबर उलटं हे वाक्य होतं, आणि ते इतकं साधं होतं की भांडायलाही जागा नव्हती. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

वॉर्ड

वॉर्डात सकाळी फरशी पुसायच्या बादलीच्या आवाजानं जाग यायची. फिनेलचा वास, मग चहा, मग सुई. रक्ताच्या पिशव्या दिल्या. पहिली पिशवी चढताना थंडी वाजून आली, दात कडकड वाजले, आणि नर्सबाईंनी दोन रगी टाकल्या अंगावर. दुसऱ्याचं रक्त अंगात येताना मला वाटत होतं, ज्यानं दिलं त्याला माहीत असतं ही बाई काय करते, तर दिलं असतं का?

भेटायला येणाऱ्यांनी जीव नकोसा केला. माहेरच्या एका काकूंनी येऊन सांगितलं, “पिशवी काढूनच टाक. आता काय कामाची?” जशी काही ती अडगळ. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की घाई नको, आधी गोळ्यांनी रक्तस्राव आवरू, अंगात रक्त भरू, मग बघू. पण काकूंना बाईंपेक्षा जास्त कळत होतं. दुसरी एक म्हणाली, “कुणाची नजर लागली गं, बाटलीवर फोटो लावायचाच कशाला?” तिसरीनं कांद्याचा रस सांगितला. मी शेवटी डोक्यावरून चादर ओढली. चादरीचा फायदा म्हणजे डोकंही झाकलं जायचं.

व्हिडिओ आमच्या ह्यांच्या फोनवर तिसऱ्या दिवशी आला. कुणी पाठवला सांगत नाहीत. रागानं लाल होऊन त्यांनी मला विचारलं, “मला तरी सांगायचं का न्हाई? मी तुझा कोन हाय?”

“सांगून काय केलं असतं तुम्ही?”

“दवाखान्यात आणलं असतं!”

“मोरीतून गोळा तुम्हीच काढला होता. तवा का नाही आणलं?”

ते तसेच उठून बाहेर गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. आले ते डब्यात कलेजी घेऊन. स्वतः शिजवली होती. मीठ दुप्पट. “डॉक्टर म्हणली रक्ताला चांगली असती,” एवढंच बोलले आणि समोर बसून राहिले, मी संपवीपर्यंत. आमच्यात माफी वगैरे कुणी मागितली नाही. मी ती खारट कलेजी पाणी पीत पीत संपवली.

वॉर्डात एक मावशी होत्या, झाडलोट करणाऱ्या. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात गुंता झाला होता आणि हाताला सुई, म्हणून मी नुसती पडून होते. त्या आल्या, कंगवा काढला, आणि खालच्या टोकापासून वर असा थोडा थोडा गुंता सोडवत गेल्या. एकदाही ओढलं नाही. निघालेले केस त्यांनी मला न दाखवता पदरात घेतले. त्यांच्या तोंडातून सल्ला निघाला नाही. त्या सहा दिवसांत तेवढी एकच वेळ मी रडले.

लता

घरी येऊन आठवडा झाला होता. मी ओट्यावर सावलीला बसले होते, डोक्याला रुमाल. फाटकातून एक बाई आली, पस्तिशीची, हातात पिशवी. कोण म्हणून विचारायच्या आत तिनं पिशवी माझ्या पुढ्यात उलटी केली. आमच्या तेलाच्या रिकाम्या बाटल्या. एक फुटली.

“वळखलं का?” ती म्हणाली. “मी लता. वडगाव रासाईहून येती. आठ महिने झालं, नदी वलांडून तुमच्या बाजाराला येती निस्तं तेलासाठी.”

मग मला आठवलं. तिच्या बरोबर मुलगी असायची. प्रतीक्षा, नववीतली, गोल चेहऱ्याची, सारखी जांभया देणारी.

“माझ्या पोरीला थायरॉइड निघालाय,” लता म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. “केस गळत हुते, वजन वाढत हुतं, सारखी झोपायची. मी म्हनलं आळशी झालीया. मारलं मी तिला. परीक्षा तोंडावर आन् ही वहीवर डोकं टेकून झोपायची, तवा मी मारलं! शाळेतल्या मास्तरीणबाई म्हनल्या एकदा डॉक्टरला दावा. मी म्हनलं, केसाचं तर तेल चालू हाय, एवढ्या मोठ्या वेणीच्या बाईनं दिलंय. तुमचा तो व्हिडिओ बघितला आन् मग नेली दवाखान्यात. तुमच्या डोक्यावरचं गंगावन निघालं म्हनून माझी पोरगी दवाखान्यात गेली! न्हाईतर अजून लावतच बसलो असतो!”

शोभाताई आवाज ऐकून बाहेर आल्या. “ए बाई, वरडू नको हितं. बाटलीवर कुठं लिव्हलंय थायरॉइड बरा हुतो म्हनून?”

“केस गळती बंद असं लिव्हलंय! वाचता येतं मला!”

मी शोभाताईंना म्हटलं, “तुम्ही आत जा.” त्या गेल्या नाहीत.

मला जे आठवत होतं ते लताला माहीत नव्हतं. एकदा बाजारात ती पलीकडं भाजी घ्यायला गेली होती, आणि ती मुलगी माझ्याजवळ उभी होती. हळू आवाजात म्हणाली, “काकू, मला लई झोप येती. हातपाय जड वाटत्यात. केसामुळं असंल का?” आणि मी, कच्चे तांदूळ चावणारी, गंगावन घातलेली, हसून म्हणाले होते, “न्हाई गं. रात्री तेलानं मालिश कर, सकाळी ताजीतवानी उठशील.” आणि तिच्या हातात आणखी एक बाटली दिली होती.

हे मी तेव्हा लताला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. कदाचित शोभाताई माझी बाजू घेत होत्या म्हणून.

लता एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, “तिनं तुमाला सांगितलं हुतं? मला सांगितलं न्हाई, तुमाला सांगितलं?” आणि ती माझ्या अंगावर थुंकते की काय असं मला वाटलं. ती थुंकली नाही. वळली आणि गेली.

मीटिंग

मारुतीच्या देवळामागच्या खोलीत गटाची मीटिंग व्हायची. मी गेले. रुमाल काढून बसले. सगळ्या दुसरीकडं बघायला लागल्या.

मी म्हटलं, “बाटलीवरचा फोटो काढा. आणि खालची ओळ काढा. तेल विका, पण नुसतं तेल म्हणून विका. आणि ज्यांचे सारखे गळतात त्यांना सांगा, आधी रक्त तपासा.”

“मग घेईल कोन?” शोभाताई म्हणाल्या. “खोबरेल दुकानात मिळतंच की. बाई बाजारात येती ती आशेनं येती. तुझं डोकं गेलं त्येचा राग तू आमच्या तेलावर काढतीस.”

“माझं डोकं गेलं तेलामुळं नाही. तेलाच्या भरवशावर राहिले म्हणून गेलं.”

“ती ओळ तू घातली हुतीस!”

“हो. म्हणूनच काढायला सांगते.”

एक जण पुटपुटली, ‘हिचं बघून आमचं बी बुडायचं.’ कुणीतरी म्हणालं, हात वर करा. आठ हात शोभाताईंच्या बाजूनं. एकीनं कुठलाच हात वर केला नाही, नुसती चटईची काडी उपटत बसली. पुढच्या महिन्यात नव्या बाटल्या आल्या. त्यावर शोभाताईंच्या मुलीची वेणी होती. ओळ तीच, फक्त पंधराच्या जागी एकवीस दिवस.

त्या दिवसापासून शोभाताई माझ्याशी बोलत नाहीत. अंगणात धुणं वाळत घालताना माझी दोरी टाळतात. मीही त्यांची भांडी ओलांडून जाते. आमच्या ह्यांचं भावाशी बिनसलं, त्याचा दोष माझाच. मी तो घेतला. मला आता दोष घ्यायची सवय झालीय, पण ती ओळ मी परत तोंडातून काढणार नाही.

जे मला उपयोगी पडलं

लोहाच्या गोळ्या मी आठ-नऊ महिने खातेय, अजून चालू आहेत. पोट साफ होत नाही, शी काळी होते, तोंडाला गंजाची चव येते. तरी खायच्या. गोळीवर चहा प्यायचा नाही, लिंबू पाणी प्यायचं. हे साधं वाटतं, पण आमच्या घरात कुणीही आलं तरी चहा टाकला जातो, आणि नको म्हटलं की माणसं तोंडं वाकडी करतात. करू देत. खाण्यात डाळ, अंडी, हळीव, पालेभाजी, आणि स्वतःच्या ताटात. आधी मी सगळ्यांचं उरलेलं खायची.

घट्ट वेणी, घट्ट अंबाडा बंद. ओले केस विंचरणं बंद. मावशीसारखं खालून वर. तेल हवं तर लावावं, आठवड्यातनं दोनदा, हलक्या हातानं. पाळी जास्त जात असेल, अंग सारखं जड वाटत असेल, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जात असतील, तर दवाखान्यात जा. पुरुषांचे आणि काही बायकांचे केस घराण्यानंच विरळ होतात, त्याला वेगळं औषध आहे, ते डॉक्टरच देतील. मला विचारू नका. मला विचारून एक मुलगी आठ महिने मागं पडली.

पाचव्या महिन्यात कपाळावर बारीक केस उभे राहिले. इवले इवले, कापलेल्या गवतासारखे, कुठल्याच बाजूला न बसणारे. आरशात बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, आता वडगावला जायला पाहिजे.

वडगाव रासाई

लताचं घर नदीकडच्या रस्त्याला. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

“कशाला आलात?”

“प्रतीक्षाला बघायला.”

“बघून काय करनार? तेल देनार?”

मी तशीच उन्हात उभी राहिले. आतून मुलगी आली, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. चेहरा सुजल्यासारखा. मला बघून ती जागच्या जागी थांबली.

लता म्हणाली, “बघा. गोळी चालू हाय, पर दोन महिन्यानं परत रक्त तपासायचं हुतं, ही येतच न्हाई. एसटीत पोरी बघत्यात म्हनती. शाळेला जात न्हाई. दवाखान्याचं नाव काढलं की दार लावून घेती. तुमच्या कृपेनं.”

मी पदर खाली केला. मग रुमाल सोडला. त्या उन्हात, दारासमोर, रस्त्यानं जाणाऱ्या दोन मोटारसायकली बघत असताना. टाळू अजून दिसते माझी, कडेनं ते उभे राहिलेले केस.

प्रतीक्षा पुढं आली. खूप वेळ माझं डोकं बघत राहिली. मग म्हणाली, “हे नवीन हायत?”

“हो.”

“किती महिन्यानं आले?”

“पाच.”

“काय लावलं?”

“काही नाही. गोळ्या खाल्ल्या. रक्त तपासलं, परत खाल्ल्या.” मग मी म्हटलं, “त्या दिवशी तू मला विचारलं होतंस, झोपेचं. मी तुला खोटं सांगितलं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले.”

तिनं हात वर केला आणि एका बोटानं माझ्या कपाळावरचे केस एका बाजूला दाबले. ते परत उभे राहिले.

मग ती आईकडं वळून म्हणाली, “काकू आल्या तर मी येते दवाखान्यात. रुमाल काढून आल्या तर.”

लतानं माझ्याकडं बघितलं. मी ती नजर विसरणार नाही. एवढं नकोसं कुणी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

“मला तुमचं तोंड बघायची विच्छा न्हाई,” ती म्हणाली. “माफ केलं असं बी समजू नका. ती तुमचं ऐकती, म्हनून.”

नऊची गाडी

दौंडला आम्ही तिघी गेलो. लता खिडकीत बसली, मग मुलगी, मग मी, उघड्या डोक्यानं. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं. कॉलेजच्या दोन पोरी एकमेकींच्या कानात बोलल्या. प्रतीक्षानं माझा हात धरला नाही की काही नाही, पण तिनंही थोड्या वेळानं ओढणीची गाठ सैल केली. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवून दिली, परत दीड महिन्यानं यायला सांगितलं. लतानं कागद त्यांच्या हातातून घेतला, मला वाचू दिला नाही.

आता तीन फेऱ्या झाल्यात. प्रतीक्षा शाळेत जायला लागलीय, केस अजून विरळच आहेत, पण वर्गात झोपत नाही. लता माझ्याशी प्रवासात एक शब्द बोलत नाही. माझ्या हातचं काही खात नाही. दवाखान्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन येतो. नाव घेत नाही, कशा आहात विचारत नाही.

“उद्या नऊची गाडी. उशीर करू नका,” ती म्हणते आणि फोन ठेवते.

मी पावणेनऊलाच थांब्यावर असते.